राज्य उद्यानातील शिबिरवास : कला, निसर्ग आणि स्मृती
(इलिनॉय राज्यातील लाउडन स्टेट पार्कच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात शिकागो शहराच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर रॉक नदीच्या काठी ऑरेगॉन नावाचे एक लहान गाव आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरील ऑरेगॉन राज्याशी या गावाचा नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही. गावाच्या पश्चिम तीरावरील रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशास नदीपलीकडील उंच कड्यावर, वृक्षराजीच्या वर डोके काढून उभी असलेली एक प्रचंड मानवाकृती दिसते. अंगाभोवती कांबळे लपेटलेली, दोन्ही हात छातीवर घडी घातलेली ही आकृती पश्चिमेकडे नदीपार पाहत आहे. तिच्या पायाशी आणि तिच्या मागील रानात लाउडन स्टेट पार्क हे राज्य उद्यान असून, उन्हाळ्याच्या दिवसांत तेथे तंबू ठोकून राहणाऱ्या कुटुंबांची वर्दळ असते.

सहलीच्या हेतूने येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे एक रम्य ठिकाण आहे, एवढे म्हणून विषय संपविता येईल. तथापि या उद्यानाचा इतिहास पाहिला असता असे दिसून येते की, येथे तंबूत राहणे ही क्रिया उद्यानापेक्षाही जुनी आहे. प्रथम येथील भूमीवर सॉक व मेस्क्वाकी लोकांचा वावर होता, त्यानंतर शिकागोच्या कलावंतांनी तंबू ठोकले, आणि आज तेथे सर्वसामान्य नागरिक तंबू ठोकतात. या तीन वास्तव्यांचा परस्परसंबंध उलगडून दाखविणे आणि त्या अनुषंगाने राज्य उद्यानातील शिबिरवासाची व्यवस्था कशी चालते हे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘स्टेट पार्क’ ही संकल्पना

महाराष्ट्रातील वाचकांस ‘राष्ट्रीय उद्यान’ आणि ‘अभयारण्य’ हे शब्द परिचित आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या दोन्ही संज्ञांना निश्चित कायदेशीर अर्थ प्राप्त झाला असून, दोहोंचा गाभा वन्यजीवांचे संरक्षण हा आहे. तेथे माणसाचा प्रवेश हा परवानगीचा विषय असतो. अमेरिकेतील स्टेट पार्क या संस्थेला आपल्याकडे नेमका प्रतिशब्द नाही, कारण तशी संस्थाच आपल्याकडे रूढ नाही. स्टेट पार्क हे संघराज्याचे नव्हे, तर त्या त्या घटक राज्याचे असते. ते केवळ प्राण्यांसाठी राखलेले नसते. एखादा धबधबा, एखादा किल्ला, एखादे पुरातन वस्तीस्थान, क्वचित एखाद्या कलावंताचे घर अशा नानाविध कारणांनी जमीन सार्वजनिक मालकीत घेतली जाते आणि नागरिकांनी तेथे येऊन राहावे, चालावे, मासे धरावेत अशी अपेक्षाच त्यामागे असते. संरक्षण आणि उपभोग ही दोन उद्दिष्टे एकाच जागेवर नांदविण्याचा हा प्रयत्न आहे. तो नेहमी यशस्वी होतोच असे नाही.

या कल्पनेचा आरंभ सामान्यतः १८६४ मध्ये मानला जातो. त्या वर्षी संघराज्याने योसेमिटीची दरी कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन केली. १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नायगारा धबधब्याभोवतीची जमीन खासगी मालकांकडून घेऊन सर्वांना खुली केली. इलिनॉय राज्यात हे कार्य काहीसे उशिरा सुरू झाले. तेथील पहिले राज्य उद्यान फोर्ट मॅसॅक हे १९०८ मधील, तर सर्वाधिक लोकप्रिय असलेले स्टार्व्हड रॉक हे १९११ मधील होय. आज या राज्यातील उद्यानांचे व्यवस्थापन नैसर्गिक संसाधन विभागाकडे असून, उद्यानात नुसता प्रवेश करण्यास सामान्यतः शुल्क आकारले जात नाही. शुल्क द्यावे लागते ते मुक्कामासाठी.

कड्यावरील कलाग्राम

लाउडन उद्यानाच्या जागेस ‘ईगल्स नेस्ट’ म्हणजे गरुडाचे घरटे हे नाव जुन्या काळापासून आहे. १८४३ च्या उन्हाळ्यात न्यू इंग्लंडमधील विदुषी मार्गारेट फुलर या प्रदेशात आल्या होत्या. ग्रीक पुराणातील गॅनिमीड या तरुणावर त्यांनी एक कविता याच कड्याच्या सान्निध्यात रचली असे मानले जाते. कड्याच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यास आजही गॅनिमीड हेच नाव आहे. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासग्रंथात रॉक नदीच्या खोऱ्याच्या सौंदर्याची मुक्तकंठाने प्रशंसा आहे. त्याचबरोबर हे खोरे ज्यांच्याकडून नुकतेच हिरावून घेतले गेले होते, त्या मूळ रहिवाशांविषयीची अस्वस्थताही आहे. त्या वेळी त्या युद्धाला अवघी अकरा वर्षे झाली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जमीन वॉलेस हेकमन या शिकागोच्या वकिलाच्या मालकीची होती. शिकागोतील चित्रकार, शिल्पकार, वास्तुविशारद आणि लेखक यांचा एक समूह उन्हाळ्यात शहर सोडून इंडियाना राज्यातील एका तळ्याकाठी राहत असे, परंतु तेथे हिवतापाचा उपद्रव झाल्याने त्यांना नव्या जागेची गरज होती. हेकमन यांनी त्यांना कड्यावरील जागा वार्षिक एक डॉलर भाड्याने दिली. अट एवढीच की, सदस्यांनी परिसरातील लोकांसाठी विनामूल्य व्याख्याने किंवा प्रात्यक्षिके द्यावीत. १८९८ मध्ये ‘ईगल्स नेस्ट आर्ट कॉलनी’ या नावाने हे कलाग्राम अस्तित्वात आले.

या समूहाचे केंद्रस्थान म्हणजे शिल्पकार लोराडो टॅफ्ट (१८६०-१९३६). पॅरिस येथे शिक्षण घेऊन आलेले टॅफ्ट शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन करीत. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनासाठी शिल्पे घडविताना मनुष्यबळ अपुरे पडले, तेव्हा त्यांनी आपल्या विद्यार्थिनींना कामावर घेतले. स्त्रियांनी भव्य शिल्पाचे काम करणे त्या काळी अप्रूपाचे होते. त्यांच्याखेरीज चित्रकार राल्फ क्लार्कसन, चार्ल्स फ्रान्सिस ब्राऊन व ऑलिव्हर डेनेट ग्रोव्हर, वास्तुविशारद बंधू आयर्व्हिंग व अॅलन पाँड, कादंबरीकार हॅम्लिन गार्लंड व हेन्री फुलर आदींचा या समूहाशी निकटचा संबंध होता. गार्लंड यांचा विवाह पुढे टॅफ्ट यांच्या भगिनीशीच झाला.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, प्रारंभीच्या काळात हे सर्वजण तंबूत राहत. ते स्वतःदेखील या जागेस ‘कॅम्प’ असेच म्हणत. पुढे पाँड बंधूंच्या आराखड्यानुसार साधी घरे व एक सामाईक इमारत उभी राहिली. पण उघड्यावरचे जेवण, रात्रीचा जाळ, एकमेकांच्या कामावरची चर्चा आणि वेषांतराचे खेळ हा दिनक्रम पुष्कळ काळ टिकून राहिला. आपल्याकडील वाचकास याप्रसंगी शांतिनिकेतनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु ईगल्स नेस्ट ही शिक्षणसंस्था नव्हती, की तिच्यामागे एखादी जीवनदृष्टीही नव्हती. शहरातील व्यावसायिक कलावंतांचे ते सुट्टीतील घर होते. तिचे महत्त्व त्या एका अटीमुळे वाढले. व्याख्यानांच्या अटीमुळे हे कलावंत गावापासून तुटून राहिले नाहीत. गावातील सार्वजनिक ग्रंथालयाची इमारत पाँड बंधूंच्याच आराखड्याची असून, तिच्या वरच्या मजल्यावर कलाग्रामातील सदस्यांनी दिलेल्या कलाकृतींचे दालन आहे. जिल्हा न्यायालयासमोरील सैनिक स्मारक (१९१६) हेही टॅफ्ट यांचे काम होय. सहा-सात हजारांचीही वस्ती नसलेल्या गावात एवढी कलासंपदा असणे हे एक डॉलरच्या भाड्याचे फलित म्हणावे लागेल.

काँक्रीटची मूर्ती

कड्याच्या टोकाशी सायंकाळी उभे राहून नदीकडे पाहताना कलाग्रामातील मंडळींचे हात नकळत छातीवर घडी होत. त्या उभे राहण्यावरून टॅफ्ट यांना या शिल्पाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. कोणाच्याही मागणीवरून हे काम झाले नाही. आकृतीची उंची सुमारे ४८ फूट असून, कड्यासह ती नदीच्या पातळीपासून जवळपास सव्वाशे फूट उंच दिसते. वजन अडीचशे टनांहून अधिक आहे. ‘जगातील दुसऱ्या क्रमांकाचे’ अशी बिरुदे पर्यटन-पत्रकांत या पुतळ्यास लावलेली आढळतात. अशा क्रमवारीने शिल्पाची महत्ता वाढत नाही, म्हणून तिचा विचार येथे केलेला नाही.

दगड वा कांस्य परवडणारे नव्हते. त्या काळी काँक्रीट हे कारखाने, पूल आणि धुराडी यांचे साहित्य समजले जाई. ते शिल्पासाठी वापरणे हा धाडसाचा प्रयोग होता. टॅफ्ट यांचे तरुण सहकारी जॉन प्रासून यांनी कामाची तांत्रिक बाजू सांभाळली. लहान प्रतिकृतीवरून मापे वाढवीत नेऊन जागेवरच लाकडी सांगाडा उभारण्यात आला. त्यावर गोणपाट व प्लास्टर यांनी आकृती घडविली, आणि तिच्यावरून साचा घेतला. प्रत्यक्ष काँक्रीट ओतण्याचे काम डिसेंबर १९१० मध्ये, ऐन कडाक्याच्या थंडीत झाले. ओतकामात खंड पडला, तर दोन थरांमध्ये सांधा राहून तेथून पाणी शिरते. म्हणून दहा दिवस, रात्रंदिवस, हे काम अखंड चालू ठेवावे लागले. मिश्रण गोठू नये यासाठी बाष्पकाची उष्णता वापरली गेली. वसंत ऋतूत साचा काढल्यावर मूर्ती सुखरूप असल्याचे दिसून आले. १ जुलै १९११ रोजी तिचे लोकार्पण झाले. त्या समारंभात सू समाजातील वैद्य व लेखक चार्ल्स ईस्टमन तसेच ओनायडा समाजातील लॉरा कॉर्नेलियस यांचीही भाषणे झाली. मूळ रहिवाशांच्या नावाने उभारलेल्या स्मारकाच्या प्रसंगी मूळ रहिवाशांस बोलू देणे ही त्या काळात सर्रास घडणारी गोष्ट नव्हती.

टॅफ्ट यांनी पुढे शिकागो येथे ‘फाउंटन ऑफ टाइम’ (१९२२) हे आणखी एक भव्य काँक्रीट शिल्प उभारले. दोन्ही शिल्पांच्या वाट्याला एकच व्याधी आली. इलिनॉयच्या हवामानात हिवाळ्यात तापमान गोठणबिंदूच्या खाली-वर वारंवार होत राहते. काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेले पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते, पृष्ठभागाला आतून ढकलते, वितळल्यावर अधिक खोल जाते आणि पुन्हा गोठते. आतील लोखंड गंजले की त्याचेही आकारमान वाढून तडे रुंदावतात. आधुनिक काँक्रीटमध्ये अतिसूक्ष्म हवेचे बुडबुडे हेतुपुरस्सर मिसळतात, त्यामुळे गोठणाऱ्या पाण्यास पसरण्यास जागा मिळते. हे तंत्र १९३० च्या दशकात विकसित झाले. १९१० मधील कारागिरांस ते ज्ञात असणे शक्यच नव्हते. त्यामुळे मूर्तीच्या हातांवरील व कांबळ्याच्या घड्यांवरील पापुद्रे कालांतराने सुटू लागले. २०१० च्या दशकात तुकडे गळून पडू लागल्याने तिला वेष्टनात गुंडाळून ठेवण्याची वेळ आली. निधी, दुरुस्तीची पद्धत व जबाबदारी यांवर दीर्घकाळ घोळ चालला, आणि २०२० च्या सुमारास दुरुस्तीचे काम पूर्ण झाले. २००९ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत या पुतळ्याचा समावेश झाला असल्याने मूळ रंग-पोत राखणे हा त्या कामाचा कळीचा मुद्दा होता. सिमेंटमध्ये मिसळलेल्या ग्रॅनाइटच्या चुऱ्यामुळे मूळ पृष्ठभागास जो किंचित गुलाबीसर दाणेदारपणा होता, तो साध्या गिलाव्याने येणारा नव्हता.

नाव आणि नामधारी

टॅफ्ट यांनी शिल्पास ‘द इटर्नल इंडियन’ म्हणजे चिरंतन इंडियन असे नाव दिले. हे कोणा एका व्यक्तीचे चित्रण नसून विविध जमातींच्या चेहरेपट्टीचा तो मिलाफ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांनी ते मानले नाही. परिसरात हा पुतळा पहिल्यापासून ‘ब्लॅक हॉक’ म्हणूनच ओळखला जातो. या बाबतीत लोकांची जाण शिल्पकाराच्या जाणीवेपेक्षा अधिक नेमकी होती, असे म्हणण्यास वाव आहे. ‘चिरंतन इंडियन’ हा कोणत्याच करारावर बोट ठेवू शकत नाही. ब्लॅक हॉक ठेवू शकतो.

सॉक जमातीतील हा योद्धा १७६७ मध्ये, रॉक नदी जेथे मिसिसिपीस मिळते तेथील सॉकेनुक या मोठ्या गावात जन्मला. १८०४ मध्ये सेंट लुईस येथे जमातीतील मोजक्या माणसांकडून एका करारावर सह्या घेण्यात आल्या आणि त्यायोगे मिसिसिपीच्या पूर्वेकडील विस्तीर्ण भूमी अमेरिकन सरकारच्या नावावर झाली. त्या माणसांस जमातीने जमीन देण्याचा अधिकार दिलेला नव्हता, हे ब्लॅक हॉकचे अखेरपर्यंतचे म्हणणे होते. १८३१ मध्ये त्याच्या लोकांस नदीपार पश्चिमेस जावे लागले. एप्रिल १८३२ मध्ये स्त्रिया, मुले व वृद्ध यांच्यासह सुमारे हजार लोकांना घेऊन तो परत आला आणि रॉक नदीच्या खोऱ्यातून वर सरकू लागला. शेतीसाठी आलेल्या या समुदायास आक्रमण समजून स्वयंसेवक सैन्य जमविण्यात आले. त्यात तेवीस वर्षांचे अब्राहम लिंकनही होते, मात्र प्रत्यक्ष लढाईत त्यांचा सहभाग झाला नाही. १४ मे रोजी ब्लॅक हॉकने पांढरे निशाण देऊन पाठविलेल्या माणसांवर शिस्तहीन स्वयंसेवकांनी गोळीबार केला, आणि युद्धास तोंड फुटले. ‘स्टिलमन्स रन’ या नावाने ओळखले जाणारे हे स्थळ आजच्या ऑरेगॉन गावाच्याच जिल्ह्यात आहे. ऑगस्टच्या प्रारंभी बॅड अॅक्स येथे मिसिसिपी ओलांडून जाण्याच्या प्रयत्नात असलेल्या या थकल्याभागल्या लोकांवर काठावरून सैनिकांनी व पाण्यातून आगबोटीने मारा केला. त्यात स्त्रिया व मुलेही मारली गेली. ब्लॅक हॉक कैद झाला. १८३३ मध्ये दुभाष्यामार्फत सांगितलेले त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि १८३८ मध्ये आयोवा येथे त्याचा मृत्यू झाला.

तेव्हा कड्यावरील आकृती पश्चिमेकडे पाहत आहे, हे वर्णन निव्वळ रचनेपुरते राहत नाही. ज्या दिशेस या लोकांस हाकलण्यात आले, तीच ती दिशा आहे. टॅफ्ट यांच्या मनात हे होते किंवा कसे, हे बाजूला ठेवले तरी अशा स्मारकाविषयी एक आक्षेप उरतोच. हद्दपार केलेल्या लोकांची आठवण ‘लुप्त होत चाललेली जात’ म्हणून भव्य करून उभारली की, ते लोक आजही आहेत ही वस्तुस्थिती झाकली जाते. मेस्क्वाकी लोकांनी १८५७ मध्ये आयोवात स्वतःच्या पैशाने जमीन विकत घेतली आणि त्यांची वसाहत तेथे आजही नांदते आहे. सॉक व फॉक्स यांची शासने ओक्लाहोमा आणि कॅन्सस-नेब्रास्का येथेही आहेत. उद्यानात पुतळा पाहून परतणाऱ्या अनेकांच्या ध्यानात ही बाब येत नाही.

उद्यानाची निर्मिती

टॅफ्ट १९३६ मध्ये निवर्तले. उर्वरित संस्थापक सदस्यही एकेक करून कालवश झाले आणि १९४२ मध्ये कलाग्राम संपुष्टात आले. इलिनॉयचे माजी राज्यपाल फ्रँक लाउडन यांची शेती याच नदीकाठी होती. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ ही जागा राज्य उद्यानासाठी घेण्याचा निर्णय विधिमंडळाने केला. सरकारी अनुदानास स्थानिक नागरिकांनी वर्गणीची जोड दिली आणि १९४५ मध्ये उद्यान समर्पित झाले. १९५१ मध्ये कलाग्रामाच्या इमारती असलेला भाग नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाकडे सोपविण्यात आला. त्यानंतर अनेक दशके तेथे शिक्षकांचे व शालेय मुलांचे निसर्गशिक्षण चालले. महाविद्यालयीन अध्यापकांनी याची विशेष दखल घ्यावी. वर्गाबाहेरील शिक्षणासाठी जागा लागते, आणि ती एकदा बांधकामाखाली गेली की परत मिळत नाही.

प्रत्यक्ष शिबिरवास

आजच्या उद्यानाचे क्षेत्र दोनशे एकरांच्या आसपास आहे. ते मोठे नाही. ओक वृक्षांचे रान, कड्यावरील सीडार, त्यातून जाणाऱ्या सुमारे चार मैलांच्या पायवाटा आणि खाली नदी एवढाच त्याचा विस्तार. हिवाळ्यात रॉक नदीवर टकल्या गरुडांचे दर्शन घडते. त्यामुळे कड्याचे जुने नाव अगदीच काव्यमय कल्पना नाही. दक्षिणेस कॅसल रॉक हे दुसरे राज्य उद्यान असून, तेथे नदीकाठी अतिप्राचीन वालुकाश्म उघडा पडलेला दिसतो. पश्चिमेस व्हाइट पाइन्स उद्यानात महामंदीच्या काळातील रोजगार योजनेतील तरुणांनी बांधलेली ओंडक्यांची घरे आहेत. तंबू न परवडणारे नव्हे, तर तंबू न सोसणारे लोक तिकडे जातात.

इलिनॉयमधील शिबिरस्थळांची विभागणी सोयींनुसार वर्गांमध्ये केलेली असते. वरच्या वर्गातील जागेवर मोटार नेता येते, वीज मिळते व जवळ स्नानगृह असते. खालच्या वर्गात सामान पाठीवर घेऊन चालत जावे लागते आणि पाण्याचा नळ व शौचकूप यापलीकडे काही नसते. लाउडन येथे दोन्ही प्रकार आहेत. प्रत्येक जागेस क्रमांक असून तेथे एक बाकासहित मेज आणि जाळासाठी लोखंडी कडे असते. जाळ त्या कड्यातच करावयाचा असतो. रात्री दहा ते सकाळी सात हा शांततेचा काळ असतो. एका कुटुंबास एकाच उद्यानात तीस दिवसांत चौदा रात्रींपेक्षा अधिक राहता येत नाही. हा नियम वरकरणी जाचक वाटतो, पण सार्वजनिक जागेवर कोणी घर थाटू नये आणि उन्हाळ्यातील मर्यादित जागा अधिक लोकांस मिळाव्यात यासाठी तो आवश्यक ठरतो. जागा आगाऊ राखून ठेवता येते. सुट्टीच्या शनिवार-रविवारी तशी न ठेवणाऱ्यास बहुधा निराश होऊन परतावे लागते.

सरपणाचा नियम अधिक उद्बोधक आहे. घरून लाकडे आणू नयेत, जेथे जाळावयाची तेथेच ती घ्यावीत, असे शिबिरार्थींना वारंवार सांगितले जाते. आशियातून आलेला एक पाचूच्या रंगाचा लहान भुंगा त्यास कारण आहे. त्याच्या अळ्या अॅश वृक्षाच्या सालीखाली पोखरत जातात आणि वृक्षाच्या अन्नरसाच्या वाहिन्या तोडतात. हा कीटक अमेरिकेत २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ आणि इलिनॉयमध्ये २००६ मध्ये प्रथम आढळला. स्वतःच्या पंखांनी तो वर्षाकाठी फार दूर जात नाही. त्याला शेकडो मैल नेले ते मोटारीच्या मागील कप्प्यातील लाकडांच्या मोळ्यांनी. एका रात्रीच्या शेकोटीसाठी नेलेली मोळी एखाद्या रानातील सर्व अॅश वृक्षांच्या मृत्यूस कारणीभूत होऊ शकते. संघराज्याने जानेवारी २०२१ मध्ये आपले निर्बंध मागे घेतले, कारण कीटक इतका पसरला होता की निर्बंधांना अर्थ उरला नव्हता. सरपण स्थानिक असावे हा संकेत मात्र आजही पाळला जातो, कारण याच मार्गाने जाणारे इतर कीटक व रोग आहेतच.

उर्वरित सूचना कोणत्याही रानात लागू पडणाऱ्या आहेत. अन्न तंबूत न ठेवता मोटारीत बंद ठेवावे, कारण रॅकून हा प्राणी डबे उघडण्यात कुशल असतो. तीन पानांच्या गुच्छाची विषारी वेल ओळखून ठेवावी, कारण तिच्या स्पर्शाने कातडीवर फोड येतात. गवतातून चालून आल्यावर अंगावर गोचीड नाही ना, हे पाहावे.

शब्बोना येथील घटना

राज्य उद्यानाची जमीन मुळात कोणाची, हा प्रश्न लाउडनपुरता मर्यादित नाही. शेजारच्या डिकाल्ब जिल्ह्यात शब्बोना लेक हे राज्य उद्यान आहे. पोटावाटोमी जमातीचे प्रमुख शॅब-एह-ने यांच्या नावावरून ते ओळखले जाते. १८३२ च्या युद्धात त्यांनी ब्लॅक हॉकला साथ दिली नाही. उलट गोऱ्या वसाहतवाल्यांना त्यांनी धोक्याची सूचना दिली. १८२९ च्या करारान्वये त्यांच्यासाठी १२८० एकर जमीन राखून ठेवलेली होती. १८४९ च्या सुमारास ते आप्तांस भेटण्यासाठी कॅन्ससला गेले असता, त्यांनी जमीन सोडून दिली असे मानून सरकारने ती विकून टाकली. म्हणजे युद्धात विरोध करणाऱ्याची भूमी गेली आणि साहाय्य करणाऱ्याचीही गेली.

या जमिनीवरील हक्क पोटावाटोमींनी कधीच सोडला नाही. एप्रिल २०२४ मध्ये संघराज्याने त्यातील १३० एकर जमीन प्रेअरी बँड पोटावाटोमी नेशनच्या विश्वस्त-भूमीत समाविष्ट केली. मार्च २०२५ मध्ये इलिनॉयच्या राज्यपालांनी एका विधेयकावर स्वाक्षरी केली. त्यानुसार शब्बोना लेक उद्यानाची जमीन या जमातीस हस्तांतरित करण्याचा मार्ग मोकळा झाला. ही जागा लोकांसाठी उद्यान म्हणूनच खुली राहावी, असे या व्यवस्थेत अभिप्रेत आहे. तळ्याकाठी तंबू ठोकणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने जागा तीच, तळेही तेच आणि जाळाचे लोखंडी कडेही तेच. बदलणार आहे ते जमिनीच्या मालकाचे नाव.